न जुळलेला ताळा आणि नेपच्यून

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



गणित शिकवण्यात सारे आयुष्य घालवलेल्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तेव्हा विषयही गणितानेच दिलेला असावा, असे मला वाटले आणि मी नेपच्यूनची निवड केली. आपल्या मराठी पुस्तकांत त्याला वरुण असेही म्हणतात. सूर्यमालेतल्या आठ ग्रहांपैकी हा सर्वांत दूरचा, आणि नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा एकमेव ग्रह. तो आधी कागदावर सापडला आणि मग आकाशात.

आज मला एकच गोष्ट तुमच्यासमोर मांडायची आहे. नेपच्यूनविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग न जुळलेल्या ताळ्यातून आलेला आहे. हिशेब एक सांगत होता, दुर्बीण दुसरेच दाखवत होती. मधला फरक कुणीतरी पुसून न टाकता वहीत राहू दिला, त्याचा पाठपुरावा केला, आणि त्यातून ज्ञान निघाले. ते कसे निघाले, आणि त्यासाठी किती संयम लागला, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रहाची ओळख

आधी या ग्रहाची ओळख करून घेऊ. सूर्यापासून नेपच्यून सरासरी 450 कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे तीसपट. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो. तिथे पोचायला त्याला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. अंतर तीसपट झाले की उजेड नऊशेपट कमी होतो. तरीही भरदुपारी तिथे मिट्ट काळोख असेल असे समजू नका. आपल्या पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा तिथला सूर्यप्रकाश कितीतरी प्रखर असतो. पण त्यात ऊब जवळजवळ नाही.

सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला नेपच्यूनला सुमारे 165 वर्षे लागतात. 1846 मध्ये तो सापडला आणि शोधानंतरची त्याची पहिली फेरी 2011 च्या जुलैत पूर्ण झाली. म्हणजे आपल्या ओळखीचे त्याचे एकच वर्ष सरले आहे. त्याचा आस 28 अंशांनी कललेला आहे, पृथ्वीपेक्षा किंचित अधिक. त्यामुळे तिथेही ऋतू आहेत, आणि एकेक ऋतू चाळीस वर्षांहून लांब असतो. दिवस मात्र छोटा, सुमारे सोळा तासांचा.

विषुववृत्तावरचा त्याचा व्यास सुमारे 49,500 किलोमीटर, पृथ्वीच्या जवळपास चौपट. वस्तुमान पृथ्वीच्या सतरापट. शेजारचा युरेनस आकाराने याच्याहून थोडा मोठा आहे, पण वजनाला हलका. या दोघांना खगोलशास्त्रज्ञ बर्फाळ महाग्रह म्हणतात. इथे बर्फ म्हणजे गोठलेले, थंडगार पाणी असे समजायचे नाही. पाणी, अमोनिया आणि मिथेन या पदार्थांना ग्रहविज्ञानात एकत्रितपणे ‘बर्फ’ म्हणण्याचा प्रघात आहे. नेपच्यूनच्या पोटात हे पदार्थ हजारो अंश तापमानात आणि प्रचंड दाबाखाली दाट द्रवाच्या अवस्थेत असावेत, असे आजचे चित्र आहे. त्याच्या आत दगड आणि धातू यांचा गाभा, आणि बाहेर हायड्रोजन व हेलियम यांचे जाड आवरण. उभे राहायला जमीन कुठेच नाही. आवरणात थोडा मिथेन आहे. तो सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून ग्रह निळसर दिसतो. आपल्या समुद्रसपाटीइतका हवेचा दाब तिथे ज्या उंचीवर असतो, त्या थरात तापमान शून्याखाली सुमारे 200 अंश सेल्सिअस असते.

हे सारे आकडे आज कोणत्याही पुस्तकात सापडतात. आता ते कोणत्या वाटेने आले ते पाहू.

वहीत राहिलेल्या नोंदी

नेपच्यूनला दुर्बिणीतून पाहणारा पहिला ज्ञात माणूस म्हणजे गॅलिलिओ. 1612 च्या डिसेंबरात तो गुरूच्या चंद्रांची टिपणे काढत होता. नेपच्यून तेव्हा आकाशात गुरूच्या अगदी जवळ होता. 28 डिसेंबरच्या टिपणात गॅलिलिओने तो एक तारा म्हणून दाखवला. पुढच्या महिन्यात, 28 जानेवारीला, त्याने असेही लिहून ठेवले की शेजारच्या ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर आदल्या रात्री जास्त वाटले होते. तारा हलत असेल तर तो तारा नव्हे. पण त्यानंतर गुरू पुढे सरकला, गॅलिलिओची नजर गुरूबरोबर गेली, आणि ही नोंद वहीत राहिली ती विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी शोधून काढेपर्यंत.

दुसरी नोंद पॅरिसची. जेरोम लालांद यांच्या वेधशाळेत ताऱ्यांची मोठी यादी तयार होत होती. 8 मे 1795 रोजी एका ताऱ्याची जागा मोजली गेली आणि 10 मे रोजी पुन्हा मोजली. दोन्ही मोजमापे जुळली नाहीत. एकात चूक झाली असणार असे धरून छापील यादीत एकच मोजमाप घेतले गेले, तेही संशयाच्या खुणेसह. तो तारा म्हणजे नेपच्यून होता, आणि दोन दिवसांत तो खरोखरच सरकला होता. ज्यांनी मोजले त्यांचे हात अचूक होते. त्यांनी आपल्या अचूकपणावर विश्वास ठेवला नाही, इतकेच.

मूळ हस्तलिखितात मात्र दोन्ही मोजमापे तशीच होती. नेपच्यूनच्या शोधानंतर, 1847 मध्ये, ती पडताळून पाहिली गेली आणि ग्रहाच्या कक्षेचा अभ्यास एका झटक्यात पन्नास वर्षे मागे नेता आला. 165 वर्षांची फेरी असलेल्या ग्रहासाठी हा खजिनाच होता. छापील यादीने वगळलेला आकडा कच्च्या वहीत राहिला, म्हणून तो हाती लागला.

युरेनसचा हिशेब

आता मूळ कथेकडे येऊ. 13 मार्च 1781 रोजी विल्यम हर्षल यांनी इंग्लंडमधल्या बाथ गावातून युरेनस शोधला. त्यानंतर जुन्या याद्या चाळल्या तेव्हा आढळले की 1690 पासून अनेकांनी युरेनसला तारा समजून टिपून ठेवले होते. त्यामुळे या नव्या ग्रहाच्या वाटेचा जुना पुरावाही हाती आला. पॅरिसचे आलेक्सी बुव्हार यांनी 1821 मध्ये युरेनसची कोष्टके प्रसिद्ध केली. ती करताना त्यांच्या लक्षात आले की जुनी निरीक्षणे आणि नवी निरीक्षणे एका कक्षेत बसत नाहीत. त्यांनी जुनी निरीक्षणे बाजूला ठेवली आणि नव्यांवर कोष्टके बेतली. मात्र आपण असे केले आहे, हे त्यांनी उघडपणे सांगितले, आणि याचे कारण पुढच्यांनी शोधावे असेही सुचवले. काही वर्षांतच नवी निरीक्षणेही कोष्टकांपासून ढळू लागली.

1840 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा फरक सुमारे दोन कलांवर गेला. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. दोन कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा साधारण पंधरावा भाग. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळतही नाही. पण त्या काळच्या वेधांची अचूकता पाहता तो अक्षम्य होता.

फरकाचे स्वरूपही बोलके होते. 1822 पूर्वी युरेनस हिशेबापेक्षा अधिक वेग घेत होता, आणि नंतर हिशेबापेक्षा मंदावत होता. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. युरेनस आतल्या कक्षेत वेगाने धावतो, नेपच्यून बाहेरच्या कक्षेत सावकाश. 1822 च्या सुमारास युरेनसने नेपच्यूनला मागे टाकले. तोपर्यंत पुढे असलेला नेपच्यून त्याला पुढे ओढत होता; मग मागे पडलेला नेपच्यून त्याला मागे खेचू लागला.

दिसणाऱ्या ग्रहाचे वस्तुमान आणि जागा ठाऊक असेल, तर त्याच्या ओढीचा परिणाम काढणे ही त्या काळी रुळलेली रीत होती. इथे प्रश्न उलटा होता: परिणाम समोर आहे, त्यावरून न दिसणारा ग्रह कुठे आहे ते सांगा. दोन माणसांनी एकमेकांच्या नकळत हे गणित हाती घेतले. केंब्रिजचे जॉन काऊच ॲडम्स यांनी 1841 मध्ये, विद्यार्थी असतानाच, हे काम करण्याचा संकल्प टिपून ठेवला होता. 1845 च्या ऑक्टोबरात त्यांनी आपले उत्तर ग्रीनिचला राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्याकडे पोचवले. एअरींनी एक शंका विचारली, ॲडम्स यांच्याकडून उत्तर गेले नाही, आणि प्रकरण तिथेच थांबले. फ्रान्समध्ये उर्बां ल व्हेरिए यांनी नोव्हेंबर 1845 पासून ऑगस्ट 1846 पर्यंत एकामागून एक निबंध सादर केले आणि ग्रहाची जागा नेमकी सांगितली.

बर्लिनमधली रात्र

ल व्हेरिए यांनी 18 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिन वेधशाळेतल्या योहान गाले यांना पत्र लिहिले. ते 23 सप्टेंबरला पोचले. गाले यांनी त्याच दिवशी संचालक एन्के यांची परवानगी मिळवली. हाइनरिख दॅरेस्ट नावाचा तरुण विद्यार्थी त्यांच्या मदतीला होता. दुर्बिणीतून तबकडीसारखे काही स्पष्ट दिसेना, तेव्हा दॅरेस्टने ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहण्याची सूचना केली. बर्लिनच्या अकादमीसाठी ब्रेमिकर यांनी केलेला त्या भागाचा नवा नकाशा नुकताच तयार झाला होता. गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगू लागले आणि दॅरेस्ट तो नकाशात शोधू लागला. थोड्याच वेळात असा एक ठिपका आला, जो नकाशात नव्हता. ल व्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाच्या आत होता. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला आणि शंका मिटली.

इथे केंब्रिजचे जेम्स चॅलिस यांची आठवण होते. ते जुलैअखेरपासून हाच ग्रह शोधत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी तो दोनदा नोंदवलाही होता. पण नोंदींची आपसांत तुलना करायचे काम त्यांनी पुढे ढकलले. त्यांच्याकडे ब्रेमिकरचा तो नकाशा नव्हता. मोजणे आणि ताडून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे झाल्याशिवाय पहिल्याला अर्थ येत नाही.

या विजयातही एक न जुळलेली गोष्ट होती. त्या काळी ग्रहांच्या अंतरांबाबत टिटियस-बोडे यांचा एक ठोकताळा प्रचलित होता. त्याचा आधार घेऊन दोघांनीही ग्रह बराच दूर कल्पिला होता. ल व्हेरिए यांच्या अंतिम उत्तरात तो सूर्यापासून पृथ्वीच्या छत्तीसपट अंतरावर होता. प्रत्यक्षात निघाला तीसपट. अमेरिकन गणिती बेंजामिन पीअर्स यांनी तर हा शोध म्हणजे सुदैवी योगायोग आहे, असे म्हटले. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, जरी तो पुरता टिकत नसला तरी. 1822 च्या आसपासची काही दशके ओढीचा परिणाम तीव्र होता, आणि त्या काळात ग्रह कोणत्या दिशेला आहे हे युरेनसच्या वागण्यातून पक्के ठरत होते. अंतर चुकले तरी वस्तुमान आणि कक्षेचा आकार त्या चुकीची भरपाई करत होते. म्हणून दिशा बरोबर आली. पीअर्स यांनी प्रश्न विचारला, म्हणूनच आपल्याला हे नीट कळले.

एक फरक, तीन उत्तरे

श्रोतेहो, या यशानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हिशेब न जुळला की न दिसणारा ग्रह शोधायचा, हा धडा सगळ्यांनी घेतला. ल व्हेरिए यांनीही घेतला. 1859 मध्ये त्यांनी दाखवले की बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू हिशेबापेक्षा थोडा अधिक वेगाने सरकतो. आजच्या आकड्यांत हा फरक शंभर वर्षांत सुमारे 43 विकलांचा आहे. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. ल व्हेरिए यांनी बुधाच्या आत एक ग्रह कल्पिला. त्याला व्हल्कन असे नावही मिळाले. अनेकांनी तो शोधला. तो नव्हताच. 1915 मध्ये आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तातून ते 43 विकला आपोआप निघाले. इथे नवा ग्रह नव्हता. गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने लिहावा लागला.

तिसरा दाखला नेपच्यूनपलीकडचा. नेपच्यूनचा परिणाम धरूनही युरेनसच्या हिशेबात थोडा फरक उरतो, असे दिसत होते. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यावरून आणखी एक ग्रह वर्तवला. त्यांच्या मृत्यूनंतर, 18 फेब्रुवारी 1930 रोजी, त्यांच्याच वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. पण प्लूटो फार लहान निघाला. 1978 मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून त्याचे वस्तुमान काढता आले, आणि ते पृथ्वीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास भरले. एवढासा प्लूटो युरेनसला ढळवू शकत नाही. मग तो उरलेला फरक कशाचा? 1989 मध्ये व्हॉयेजर 2 यान नेपच्यूनजवळून गेले आणि ग्रहाचे वस्तुमान अधिक अचूक मोजले गेले. आधी धरलेला आकडा सुमारे अर्ध्या टक्क्याने चुकलेला होता. 1993 मध्ये माइल्स स्टँडिश यांनी नवी वस्तुमाने घालून हिशेब पुन्हा केला, आणि फरक नाहीसा झाला.

म्हणजे एकाच प्रकारच्या प्रश्नाची तीन निराळी उत्तरे आली. युरेनसच्या वेळी यादीत एक ग्रह कमी होता. बुधाच्या वेळी नियम अपुरा होता. तिसऱ्या वेळी आपणच घातलेला एक आकडा चुकीचा होता. फरक खरा आहे हे ओळखणे ही पहिली पायरी. तो कशाचा आहे हे ठरवण्याची घाई न करणे ही दुसरी. ल व्हेरिए यांच्यासारखा माणूसही दुसऱ्या पायरीवर घसरला, यावरून ती किती अवघड आहे ते समजते.

केतकर आणि मल्होत्रा

या कथेत एक मराठी नाव आहे. व्यंकटेश बापूजी केतकर. ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथाचे कर्ते, शिक्षकी पेशातले आणि पंचांगाचे गणित आकाशाशी जुळले पाहिजे यासाठी झटणारे हे ज्योतिर्विद. 1911 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे सुचवली.

केतकरांची वाट लॉवेल यांच्याहून वेगळी होती. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या तीन चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये एक पक्की गणिती सांगड आहे, हे लाप्लास यांनी दाखवले होते. तशीच सांगड युरेनस, नेपच्यून आणि पलीकडचा एक ग्रह यांच्यात असेल, असे केतकरांनी धरले. त्यावरून ब्रह्माचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 39 पट आणि फेरीचा काळ सुमारे 242 वर्षे निघाला. एकोणीस वर्षांनी प्लूटो सापडला. त्याचे अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी 248 वर्षांची.

हा आकडा ऐकून अभिमान वाटतो, आणि वाटावा. पण केतकर ज्या काटेकोरपणासाठी झटले, तोच इथेही लावला पाहिजे. त्यांनी कल्पिलेली तिहेरी सांगड प्लूटोला लागू पडत नाही, तिच्यासाठी त्याचे वस्तुमान फार कमी आहे. दुसरा ग्रह सापडला नाही. तरी फेऱ्यांच्या तालाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी महत्त्वाची होती. कारण प्लूटो नेपच्यूनशी बांधलेला आहेच: नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या दोन. त्यामुळे त्यांच्या कक्षा एका ठिकाणी जवळ येऊनही ते दोघे कधी जवळ येत नाहीत.

हा ताल आला कुठून, याचे उत्तर 1993 मध्ये रेणू मल्होत्रा यांनी दिले. दिल्लीत जन्मलेल्या आणि आयआयटी दिल्लीत शिकलेल्या या खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेत काम करतात. त्यांनी दाखवले की नेपच्यून आजच्या जागी जन्मला नसावा. सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत तो आत होता. भोवतीच्या असंख्य बर्फाळ पिंडांशी देवघेव करत तो हळूहळू बाहेर सरकला. झोक्याला नेमक्या वेळी मिळणारा छोटा धक्का जसा झोका उंच नेतो, तसे ठरावीक वेळाने मिळणाऱ्या नेपच्यूनच्या ओढीने प्लूटोची कक्षा लांबट आणि कललेली झाली, आणि तो त्या तालात अडकून नेपच्यूनसोबत बाहेर ढकलला गेला. प्लूटोची विचित्र कक्षा हा अनेक वर्षे न सुटलेला तिढा होता. त्यातून एका महाग्रहाच्या स्थलांतराचा इतिहास बाहेर आला.

एकच भेट

नेपच्यूनला आजवर एकच यान भेटले आहे. 20 ऑगस्ट 1977 रोजी निघालेले व्हॉयेजर 2 बारा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1989 रोजी, त्याच्या उत्तर ध्रुवावरच्या ढगांपासून पाच हजार किलोमीटरच्या आत गेले. तिथल्या मंद उजेडात छायाचित्रे घ्यायची तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि यान तर सुसाट वेगात. म्हणून छायाचित्र घेताना सगळे यानच हळूच वळवण्याची युक्ती करण्यात आली. क्षीण झालेले संदेश टिपण्यासाठी पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेना 64 मीटरवरून 70 मीटरपर्यंत वाढवण्यात आल्या होत्या.

त्या भेटीत कितीतरी अर्धवट नोंदींचा उलगडा झाला. 1981 मध्ये एक तारा नेपच्यूनजवळ क्षणभर झाकोळला होता. तो लॅरिसा नावाच्या चंद्राआड गेला होता, हे आता कळले. 1984 मध्ये चिलीतल्या दोन वेधशाळांनी ग्रहाच्या एका बाजूला तारा मंदावलेला पाहिला, पण दुसऱ्या बाजूला काहीच दिसले नाही. कडे असेल तर दोन्हीकडे दिसले पाहिजे. व्हॉयेजरने दाखवले की कडी पूर्ण आहेत, पण बाहेरच्या कड्याचे काही तुकडेच दाट आहेत. दोन्ही निरीक्षणे बरोबर होती. त्या कड्यांना आता गाले, ल व्हेरिए, लॅसेल, ॲरागो आणि ॲडम्स अशी नावे आहेत. शोधाचे श्रेय ज्यांच्यापैकी कोणाचे यावरून दोन देशांत वाद झाला, त्यांची नावे एकाच ग्रहाभोवती शेजारी शेजारी आहेत.

त्याच वेळी नवे प्रश्नही उभे राहिले. नेपच्यूनचे चुंबकीय क्षेत्र फिरण्याच्या आसाशी 47 अंशांचा कोन करते आणि त्याचे केंद्र ग्रहाच्या मध्यापासून खूप दूर सरकलेले आहे. त्या भेटीच्या तीन वर्षे आधी युरेनसचेही तसेच आढळले होते. युरेनस आडवा पडलेला ग्रह, म्हणून तसे असेल असा एक तर्क होता. नेपच्यून आडवा नाही, तरी त्याचेही तसेच. तर्क सोडून द्यावा लागला, आणि या ग्रहांचे चुंबकत्व गाभ्यात न जन्मता वरच्या थरांत जन्मत असावे, असा विचार पुढे आला.

ऊर्जेचा हिशेबही जुळत नाही. नेपच्यून सूर्याकडून जेवढी ऊर्जा शोषतो, तिच्या अडीचपटीहून अधिक बाहेर टाकतो. युरेनस त्याच्याएवढाच, पण त्याच्या पोटातून येणारी उष्णता फारच थोडी. दोन जुळ्या वाटणाऱ्या ग्रहांत एवढा फरक का, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. ही आतली उष्णता आणि वारे यांचा संबंध असावा. नेपच्यूनवर ताशी सुमारे 2,000 किलोमीटर वेगाचे वारे नोंदले गेले आहेत, सूर्यमालेतले सर्वांत वेगवान. व्हॉयेजरने पृथ्वीएवढे एक काळसर वादळ पाहिले. 1994 मध्ये हबल दुर्बिणीने पाहिले तेव्हा ते नाहीसे झाले होते.

आणि ट्रायटन. ग्रहाच्या शोधानंतर सतराच दिवसांनी विल्यम लॅसेल यांना सापडलेला हा चंद्र 2,700 किलोमीटर व्यासाचा आहे, प्लूटोहून मोठा. तो ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फेऱ्या घालतो. ग्रहासोबत जन्मलेला मोठा चंद्र असे करत नाही. तेव्हा तो पलीकडच्या बर्फाळ पट्ट्यातून नेपच्यूनने पकडलेला असावा. त्याच्या पृष्ठभागावर तापमान शून्याखाली सुमारे 235 अंश, तरी तिथे नायट्रोजनचे फवारे आठ किलोमीटर उंच उडताना व्हॉयेजरने टिपले. उलट्या दिशेमुळे त्याची कक्षा आकसते आहे. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांनी तो ग्रहाच्या ओढीने फुटून जाईल.

अजून चालू असलेला हिशेब

व्हॉयेजरची ती गडद निळी छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ढग उठून दिसावेत म्हणून त्यांतला रंग गडद केला होता. तेव्हा तसे सांगितलेही गेले होते, पण पुढे तो खुलासा मागे पडला आणि चित्र तेवढे राहिले. 2024 च्या आरंभी ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने मोजून दाखवले की नेपच्यूनचा खरा रंग फिकट हिरवट निळा आहे, युरेनसहून किंचितच निळा.

इतरही बदल नोंदले जात आहेत. 2019 च्या सुमारास नेपच्यूनचे ढग जवळजवळ नाहीसे झाले, आणि त्याचा सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राशी संबंध दिसतो आहे. कड्याचे काही दाट तुकडे व्हॉयेजरनंतर विरून गेले. 2024 मध्ये चंद्रांची संख्या 16 झाली. 2025 मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथला ध्रुवीय प्रकाश प्रथमच स्पष्ट दिसला. कललेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे तो ध्रुवांजवळ न पडता मधल्या अक्षांशांवर पडतो. वरचे वातावरण 1989 च्या तुलनेत शेकडो अंशांनी थंड झालेले आढळले. बहुधा म्हणूनच तोवर तो प्रकाश दिसला नव्हता.

इतर ताऱ्यांभोवती जे हजारो ग्रह सापडले, त्यांत पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या दरम्यानच्या आकाराचे ग्रह फार मोठ्या संख्येने आहेत. विश्वात नेहमी आढळणाऱ्या या वर्गातले जे दोन मोठे नमुने आपल्या अंगणात आहेत, त्यांना आपण एकेकदाच, तेही वाटेने जाता जाता, भेटलो आहोत. अमेरिकेच्या ग्रहविज्ञानाच्या 2022 च्या दशवार्षिक आढाव्यात युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला मोठ्या मोहिमांमध्ये पहिला क्रम दिला आहे. नेपच्यूनसाठीही तसेच यान जायला हवे, असे मला कळकळीने वाटते. पोचायला दहा-बारा वर्षे लागतील. ज्यांनी ते आखायचे ते आज महाविद्यालयात असतील, आणि ज्यांनी त्याची माहिती वाचायची ती मुले आज शाळेत असतील.

त्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी मला शेवटी एवढेच सांगायचे आहे. प्रयोगवहीत सगळे आकडे पुस्तकाशी जुळलेच पाहिजेत, हा आग्रह आपण सोडून देऊ या. न जुळलेला आकडा खोडायला लावू नका. तो राहू द्या, त्याच्याजवळ तारीख लिहा, पुन्हा मोजा, आणि मुलाला विचारा की हा फरक कशामुळे आला असेल. बहुतेक वेळा मोजताना झालेली चूक सापडेल. ती सापडणे हेही शिक्षणच आहे. कधीतरी चूक सापडणार नाही, आणि आकडा तरीही तिथेच असेल. अशा आकड्याला बाद न करणारी माणसे घडवणे, हे गणिताच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे काम आहे. नेपच्यून आपल्याला मिळाला तो अशा माणसांमुळे, आणि त्याच्याविषयी जे कळायचे राहिले आहे तेही अशाच माणसांना कळेल.